अंतर्दर्शी शस्त्रक्रियेतील ‘ताण’ : एका उपेक्षित तंत्राचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकीय तंत्रांचा इतिहास बहुधा हत्यारांच्या इतिहासाच्या रूपाने लिहिला जातो. अन्ननलिका, जठर आणि मोठे आतडे यांच्या आतील अस्तरात उद्भवणारे प्रारंभिक अवस्थेतील कर्करोग पोट न उघडता, केवळ दुर्बिणीच्या साहाय्याने कापून काढण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाले. त्याविषयीच्या लेखनात निरनिराळ्या सुऱ्यांना मोठे स्थान मिळालेले दिसते. टोकाला सिरॅमिकचा मणी बसवलेली सुरी, आकड्यासारखी वळलेली सुरी, लवचीक तारेची सुरी, पाण्याची धार सोडणारी सुरी अशी त्यांची जणू एक वंशावळच सांगितली जाते. हा इतिहास खोटा नाही. परंतु तो एकांगी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कापण्याच्या क्रियेला दोन अंगे असतात. शिंपी एका हाताने कात्री चालवतो आणि दुसऱ्या हाताने कापड ताणून धरतो. ढिल्या कापडावर कितीही धारदार कात्री सरळ चालत नाही. शल्यचिकित्सकाचा डावा हात किंवा त्याच्या सहायकाचा चिमटा हेच काम करीत असतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एकशे एक यंत्रांची गणना करताना हात हेच सर्वांत प्रधान यंत्र मानले आहे, कारण हाताच्या अधीन असल्याखेरीज इतर कोणतेही यंत्र चालत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्याने मात्र आपल्या दोन हातांपैकी एक गमावलेला असतो. त्याची दृष्टी आणि त्याची सुरी एकाच नळीच्या टोकाशी असतात. वस्तू धरून ठेवणारा दुसरा हात तेथे नसतो.

हा हरवलेला हात परत मिळवण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. इंग्रजीत ज्याला ‘ट्रॅक्शन’ म्हणतात, त्यासाठी आपल्या पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत ‘कर्षण’ असा शब्द आहे. येथे मात्र ‘ताण’ हा साधा शब्द वापरला आहे. कारण ओढणे आणि ताणलेले राहणे या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात.

थरांची रचना आणि एकसंध तुकड्याचे महत्त्व

विषय वैद्यकेतर वाचकांनाही सुगम व्हावा म्हणून थोडी शरीररचना सांगणे आवश्यक आहे. पचनमार्गाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर म्हणजे श्लेष्मल अस्तर. त्याच्या खाली सैलसर तंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा अधःश्लेष्मल थर असतो आणि त्याच्याही खाली स्नायूंचा थर. या सर्वांची मिळून जाडी काही मिलिमीटर एवढीच असते. येथे विचारात घेतलेले कर्करोग अस्तरात सुरू होतात. तेथेच सीमित असेपर्यंत तो लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याचा संभव अल्प असतो. म्हणजे अस्तर आणि त्याखालचा सैल थर एवढेच सोलून काढता आले, तर स्नायूंची भिंत आणि पर्यायाने तो अवयवच शाबूत राहतो.

जपानच्या जठरांत्र अंतर्दर्शन परिषदेने १९६२ मध्ये ‘प्रारंभिक जठर कर्करोग’ या संज्ञेची व्याख्या केली. अस्तर किंवा अधःश्लेष्मल थर यांच्या पलीकडे न गेलेला कर्करोग, मग लसिकाग्रंथींत त्याचा प्रसार असो वा नसो, अशी ती व्याख्या होती. पुढे टोकियोतील दोन मोठ्या कर्करोग रुग्णालयांतील ५२६५ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास गोतोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. या सर्व रुग्णांचे जठर लसिकाग्रंथींसह शस्त्रक्रियेने काढलेले होते, त्यामुळे प्रसार झाला होता की नाही हे प्रत्यक्ष तपासता आले. विभेदित प्रकारच्या, अस्तरापुरत्या मर्यादित आणि तीन सेंटिमीटरपर्यंतच्या १२३० कर्करोगांपैकी एकाही रुग्णात ग्रंथींपर्यंत प्रसार आढळला नाही. याचा सरळ अर्थ असा की, या रुग्णांच्या बाबतीत ग्रंथी काढण्याची गरज नव्हती. तेवढा भाग स्थानिक पातळीवर काढणे पुरेसे ठरले असते. जठर काढलेल्या माणसाचे पुढील आयुष्य कसे असते, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला या वाक्याचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. थोडेथोडे आणि वारंवार खाणे, घटलेले वजन आणि संपूर्ण जठर काढले असल्यास ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने जन्मभर घेणे त्याच्या वाट्याला येते.

परंतु येथे एक अट होती. काढलेला भाग एकसंध हवा. तुकड्यातुकड्यांनी काढलेले अस्तर तपासणे हे फाटलेल्या नकाशाचे कपटे जुळवून गावाची हद्द ठरवण्यासारखे आहे. कडेला रोग शिल्लक आहे की नाही, तो किती खोल गेला आहे, याचा निर्वाळा विकृतिशास्त्रज्ञाला देता येत नाही आणि रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा भाग एकसंध कसा काढावा, हा या सर्व इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

दृष्टी मिळाली, हात राहिला

जठरात डोकावण्याचा प्रयत्न जुना आहे. जर्मनीतील कुसमौल यांनी १८६८ मध्ये तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या माणसाच्या साहाय्याने सरळ नळी जठरापर्यंत नेऊन दाखवली. १९३२ मध्ये शिंडलर यांनी अर्धवट वाकणारी दुर्बीण सिद्ध केली. जपानमध्ये १९५० साली तोक्यो विद्यापीठाचे डॉ. उजी आणि ऑलिंपस कंपनीचे सुगिउरा व फुकामी या अभियंत्यांनी जठरात उतरवता येणारा लहानसा कॅमेरा तयार केला. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबमधील नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमधून काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचा प्रयोग जाहीर केला. त्या तत्त्वावर हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत पूर्णपणे लवचीक दुर्बीण बनवली आणि प्रथम स्वतःच गिळून पाहिली.

या सर्व टप्प्यांत प्रश्न पाहण्याचा होता. करण्याचा प्रश्न आला तो दुर्बिणीत एक अरुंद मार्गिका ठेवून तीतून उपकरणे आत सरकवता येऊ लागली तेव्हा. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे शिन्या आणि वुल्फ यांनी तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातील देठ असलेले मोड विद्युतप्रवाहाने कापण्यास आरंभ केला. देठ असलेल्या मोडाला दुसऱ्या हाताची गरज नसते. तो स्वतःच वर उभा असतो, फास त्याच्या गळ्यात सहज पडतो. प्रारंभिक कर्करोग बहुधा तसा नसतो. तो सपाट असतो, किंचित खोलगट असतो, अस्तराच्या पृष्ठावर डागासारखा पसरलेला असतो. सपाट वस्तूच्या गळ्यात फास कसा घालावा?

पकडीसाठी ताण : १९८४ ते १९९३

या प्रश्नाचे पहिले उत्तर अस्तराखाली द्रव टोचून त्याला फुगवण्याचे होते. १९५५ मध्ये रोझेनबर्ग यांनी गुदाशयातील मोडांसाठी आणि १९७३ मध्ये डाइल यांनी मोठ्या आतड्यातील बसक्या मोडांसाठी लवणद्राव टोचण्याची युक्ती सांगितली होती. द्रवामुळे अस्तर स्नायूपासून दूर जाते आणि खाली एक उशी तयार होते. परंतु उशीवरूनही फास घसरतो. १९८४ मध्ये तादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मार्गिका असलेली दुर्बीण वापरली. एका मार्गिकेतून फास आणि दुसरीतून चिमटा अशी रचना करून, पसरलेल्या फासातून चिमटा पुढे न्यायचा, विकृत भाग धरून वर ओढायचा आणि मग फास आवळायचा, अशी ही कृती होती. तिला ‘स्ट्रिप बायॉप्सी’ असे नाव मिळाले.

इतिहासकाराच्या दृष्टीने ही घटना अत्यंत लक्षणीय आहे. अंतर्दर्शी उच्छेदनाच्या पहिल्याच यशस्वी पद्धतीत दुसरा हात उपस्थित होता. किंबहुना तीच पद्धतीची मुख्य कल्पना होती. मात्र या ताणाचे प्रयोजन पकडणे एवढेच होते. फास आवळेपर्यंत क्षणभर वर धरायचे, मग काम संपले. १९९० च्या दशकाच्या आरंभी इनोउए यांनी दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवून, विकृत भाग त्या टोपीत हवेच्या दाबाने शोषून घेण्याची पद्धत आणली. शोषणे हाही ओढण्याचाच एक प्रकार आहे. फक्त चिमट्याची जागा निर्वाताने घेतली. या सर्व पद्धतींना मिळून एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन, म्हणजेच संक्षेपाने ई.एम.आर., असे म्हटले जाऊ लागले. त्यांची मर्यादाही सामाईक होती. फासात किंवा टोपीत जेवढे मावेल तेवढेच एका वेळी निघे, आणि ते सुमारे दोन सेंटिमीटरच्या पुढे जात नसे.

सुरीचे युग आणि ताणाचा विसर

मर्यादा फासाची आहे हे ओळखून काहींनी सुरीकडे मोर्चा वळवला. हिराओ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अड्रेनलीनमिश्रित तीव्र लवणद्राव टोचून विकृत भागाच्या सभोवती सुईसारख्या सुरीने वर्तुळाकार छेद घेतला जाई आणि नंतर फास टाकला जाई. छेदामुळे कडा निश्चित झाल्या. परंतु सुईसारखी उघडी सुरी स्नायूत घुसण्याचा धोका मोठा होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात होसोकावा, योशिदा, ओनो, गोतोदा प्रभृतींनी सुरीच्या टोकाला विद्युतरोधक सिरॅमिकचा मणी लावला. टोक स्नायूला टेकले तरी जळत नाही, बाजूने मात्र कापते, अशी ती सुरी होती. तिच्या साहाय्याने वर्तुळाकार छेद घेऊन थांबायचे नाही, तर त्या छेदातून अधःश्लेष्मल थरात शिरून तो थर आडवा कापत जायचा आणि वरचे अस्तर एखाद्या पापुद्र्यासारखे सोलून काढायचे, हे शक्य झाले. यालाच पुढे एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन, संक्षेपाने ई.एस.डी., हे नाव रूढ झाले. ओयामा यांची आकड्याची सुरी, याहागी यांची लवचीक सुरी, तोयोनागा यांची पाणी सोडणारी सुरी ही याच कुळातील.

आकाराचे बंधन गळून पडले. परंतु या सुटकेची एक किंमत होती आणि तिच्याकडे आरंभी पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. फास हा क्षणाचा व्यवहार होता. सोलणे हा तास-दोन तासांचा. फास आवळताना वरून पाहणे पुरत असे. सोलताना पापुद्र्याच्या खाली पाहावे लागते. आणि नेमक्या याच वेळी चिमटा हातातून गेला होता, कारण दुर्बिणीच्या मार्गिकेत आता सुरी होती. वर्तुळाकार छेद पूर्ण झाल्यावर अस्तर सैल पडते, आक्रसते आणि मूळ जागी चिकटून बसते. टोचलेला द्रव छेदातून वाहून जातो. पापुद्रा पडद्यासारखा डोळ्यांसमोर लोंबतो किंवा भिंतीवर सपाट निजतो. त्याखाली रक्तवाहिनी आहे की स्नायू हे न दिसता कापणे म्हणजे अंधारात विहिरीच्या काठाने चालणे होय. ओनो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १९८७ ते १९९८ या काळातील ४७९ कर्करोगांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात छिद्र पडण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. उपचारामुळे मृत्यू मात्र एकही झाला नव्हता.

या अडचणीवर चिकित्सकांनी जे उपाय काढले ते चातुर्याचे होते. एक म्हणजे गुरुत्वाकर्षण. रुग्णाला कुशीवर वळवून विकृत भाग वरच्या बाजूस आणला की पापुद्रा आपल्याच वजनाने खाली लोंबतो आणि कापायचा थर उघडा पडतो. दुसरा म्हणजे द्रव. यामामोतो यांनी लवणद्रावाऐवजी घट्टसर सोडियम हायलुरोनेट वापरले, त्यामुळे उशी दीर्घकाळ टिकू लागली. त्यात निळा रंग मिसळला की थर निळसर दिसतो आणि स्नायू वेगळा ओळखू येतो. तिसरा म्हणजे टोपी. त्यांनीच २००३ मध्ये वर्णिलेली निमुळत्या तोंडाची पारदर्शक टोपी पापुद्र्याखाली पाचरीसारखी शिरते आणि त्याला वर उचलते. हे तीनही उपाय म्हणजे ताणाची पर्यायी व्यवस्था होती. गुरुत्व मात्र सर्वत्र अनुकूल नसते, आणि भूल दिलेल्या रुग्णाला हवे तसे वळवणेही सोपे नसते.

दोऱ्याचा प्रवेश

या पार्श्वभूमीवर नागानो प्रांतातील साकू मध्यवर्ती रुग्णालयातील ओयामा यांनी २००२ च्या सुमारास जी पद्धत मांडली ती तिच्या साधेपणामुळे थक्क करणारी आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरली जाणारी धातूची छोटी क्लिप त्यांनी घेतली आणि तिच्या एका पात्याला दोरा बांधला. विकृत भागाभोवती छेद घेतल्यावर दुर्बीण बाहेर काढायची, क्लिपचे उपकरण तिच्या मार्गिकेतून टोकापर्यंत आणायचे, क्लिपला दोरा बांधून ती टोपीच्या आत ओढून घ्यायची आणि दुर्बीण पुन्हा आत न्यायची. पापुद्र्याच्या कडेला क्लिप लावली की दोऱ्याचे दुसरे टोक रुग्णाच्या तोंडातून बाहेर राहते. ते सहायकाने हलकेच ओढून धरायचे. दोरा दुर्बिणीच्या बाहेरून जात असल्यामुळे मार्गिका मोकळी राहते आणि सुरीला पूर्ण स्वातंत्र्य मिळते. शस्त्रक्रियागृहातील सहायकाचा हात अशा रीतीने जठरात पोहोचला.

ही पद्धत कोठे जन्मली याकडे आपल्याकडील वाचकांचे लक्ष वेधणे अवास्तव होणार नाही. साकूचे रुग्णालय हे राजधानीतील संशोधनकेंद्र नव्हे. डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे ग्रामीण आरोग्याचे जे कार्य उभे केले, त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेड येथील कार्यासाठी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना तोच सन्मान १९७९ मध्ये लाभला, हे मराठी वाचकांना ज्ञातच आहे. गावोगावी जाऊन निरोगी माणसांची तपासणी करण्याची परंपरा ज्या रुग्णालयात मुरलेली होती, तेथे प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगाच्या उपचाराला महत्त्व यावे, हे स्वाभाविक वाटते. दोरा आणि परंपरा यांत थेट कार्यकारणभाव जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तथापि रोग लवकर सापडल्याखेरीज तो सोलून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, एवढे निश्चित.

ताणामुळे नेमके काय घडते? पापुद्रा वर उचलला जातो आणि त्याखालचा सैल थर तंबूच्या दोऱ्यांसारखा ताणला जातो. तंतू स्पष्ट दिसतात, रक्तवाहिन्या कापण्यापूर्वीच ओळखता येतात आणि जाळून बंद करता येतात. ताणलेला तंतू सुरीच्या स्पर्शासरशी तुटून दूर होतो, त्यामुळे पुढचा तंतू आपोआप समोर येतो. आणि कापण्याची रेषा स्नायूपासून वर सरकते. अर्थात ताण अधिक झाला तर क्लिप निसटते, अस्तर फाटते किंवा स्नायूच वर ओढला जाऊन सुरीच्या वाटेत येतो. योग्य ताण किती हे सहायकाच्या बोटांना कळावे लागते. ते कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेले नसते.

चुंबक, भार आणि स्प्रिंग

दोऱ्याचा मोठा दोष त्याच्या दिशेचा आहे. बाहेरून ओढलेला दोरा नेहमी तोंडाकडेच ओढतो. अन्ननलिकेत ते सोयीचे असते. जठरात विकृत भाग कोठे आहे यावर सारे अवलंबून असते. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात तर दुर्बीण बाहेर काढून दोरा बांधून पुन्हा तेथवर नेणे हेच दिव्य ठरते. यानंतरच्या दशकातील बहुतेक सर्व कल्पना दिशेच्या या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

२००४ मध्ये कोंदो आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या भिंतीतून बारीक नळी जठरात घालून तीतून विकृत भाग धरण्याचा मार्ग सुचवला. दिशा हवी तशी मिळाली. पण ज्या पोटाला छेद द्यायचा नाही म्हणून हा सारा खटाटोप, त्याच पोटाला छिद्र पाडावे लागले. त्याच वर्षी राष्ट्रीय कर्करोग केंद्राशी संबंधित चिकित्सकांनी चुंबकीय नांगराची कल्पना प्रसिद्ध केली. क्लिपला जोडलेला चुंबकीय भार जठरात सोडायचा आणि रुग्णाच्या शरीराबाहेर ठेवलेल्या मोठ्या विद्युतचुंबकाने त्याला हव्या त्या दिशेने खेचायचे. गोतोदा यांनी २००९ मध्ये रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि पद्धत चालते हे दिसून आले. तरीही ती सार्वत्रिक झाली नाही. कारण उघड आहे : दोऱ्याला खोलीभर यंत्र लागत नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत देखणी असलेली ही योजना व्यवहारात एका धाग्यापुढे हरली.

२००५ मध्ये साइतो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्यासाठी अगदी उलट टोकाचा उपाय योजला. गळाच्या दोरीला बांधतात तसा छोटा भार क्लिपला लटकवायचा, म्हणजे गुरुत्वाला थोडी मदत होते. २००७ मध्ये उराओका यांनी दुसरी बारीक दुर्बीणच शेजारून आत घालून तिच्या चिमट्याने पापुद्रा धरला. २००९ मध्ये साकामोतो आणि सहकाऱ्यांनी स्प्रिंग जोडलेली क्लिप वापरली. तिचे एक टोक पापुद्र्याला आणि दुसरे टोक आतड्याच्या समोरच्या भिंतीला दुसऱ्या क्लिपने अडकवले की स्प्रिंग स्वतःच ओढत राहते. दुर्बीण बाहेर काढण्याची गरज नाही आणि सहायकाच्या हाताचीही नाही. येथे आतड्याची भिंतच दुसरा हात झाली. दोरा समोरच्या भिंतीवरील क्लिपमधून फिरवून आणला तर तिचा कप्पीसारखा उपयोग होतो आणि ओढण्याची दिशा बदलते, हीही युक्ती काहींनी वापरली. विहिरीवरच्या रहाटाशी परिचय असलेल्या समाजाला तिचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

या गर्दीतून एक वेगळा विचारही पुढे आला. यामामोतो आणि हायाशी यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आरंभीच पूर्ण वर्तुळाकार छेद न घेता लहानशा छेदातून अस्तराखाली शिरून खिशासारखी पोकळी करायची आणि कडा शेवटी कापायच्या, असा क्रम होता. कडा शाबूत असेपर्यंत अस्तर स्वतःच ताणलेले राहते. हरवलेला ताण परत आणण्याऐवजी तो हरवूच न देण्याचा हा विचार प्रस्तुत लेखकाला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मूलगामी वाटतो.

कसोटीचा काळ

जपानच्या सार्वजनिक आरोग्यविम्यात ई.एस.डी.चा समावेश जठरासाठी २००६ मध्ये, अन्ननलिकेसाठी २००८ मध्ये आणि मोठ्या आतड्यासाठी २०१२ मध्ये झाला. तंत्र शेकडो रुग्णालयांत पोहोचले, पण ताणाच्या पद्धतींविषयीचा बहुतेक पुरावा त्या त्या संशोधकाच्या स्वतःच्या रुग्णांपुरताच राहिला. ज्याने युक्ती शोधली त्यानेच ती उपयुक्त असल्याचे सांगायचे, ही स्थिती कोणत्याही ज्ञानशाखेत समाधानकारक मानता येणार नाही. दरम्यान दोऱ्याच्या जागी दात स्वच्छ करण्याचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, वापरात आला होता. तो चिवट, स्वस्त आणि दुकानात मिळणारा. २०१६ मध्ये सुझुकी आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींच्या आधारे त्याची उपयुक्तता मांडली.

खरी कसोटी लागली ती योशिदा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत. जपानमधील अनेक रुग्णालयांतील ६४० जठररुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली : एका गटात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात धागा आणि क्लिप. शस्त्रक्रियेचा सरासरी वेळ पहिल्या गटात ६०.७ मिनिटे आणि दुसऱ्या गटात ५८.१ मिनिटे भरला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. ताणामुळे काम झपाट्याने होते, या दशकभराच्या समजुतीला हा धक्काच होता.

परंतु आकडे तेथेच संपत नाहीत. जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातील मोठ्या वक्रतेवरील विकृतींपुरते पाहिले असता नेहमीच्या पद्धतीला सरासरी १०४.१ मिनिटे लागली होती, धाग्याच्या पद्धतीला ५७.२. ही जागा कोणती? रुग्ण डाव्या कुशीवर असताना जठराचा हा भाग सर्वांत खाली येतो. रक्त आणि द्रव तेथेच साचतात, पापुद्रा भिंतीवर निजून राहतो. म्हणजे गुरुत्व जेथे शत्रू होते तेथेच दोऱ्याचा उपयोग झाला. जेथे गुरुत्व मित्र होते तेथे दोरा अनावश्यक ठरला. दुसरी गोष्ट छिद्रांची. नेहमीच्या गटात २.२ टक्के रुग्णांत छिद्र पडले, धाग्याच्या गटात ०.३ टक्के. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट वेळ मोजणे हे होते, म्हणून अनेकांनी तिचा निष्कर्ष ‘फरक नाही’ असा सांगितला. रुग्णाच्या बाजूने विचार करता तीन मिनिटे वाचली की नाही यापेक्षा भिंत फाटली की नाही, हा प्रश्न केव्हाही मोठा आहे. चाचणीला विचारलेला प्रश्न आणि रुग्णाला पडलेला प्रश्न यांत येथे अंतर राहून गेले, असे म्हणणे भाग आहे. अर्थात छिद्रांची संख्या दोन्ही गटांत थोडीच असल्याने या आकड्यावर फार मोठी इमारत उभारणेही युक्त नव्हे.

अन्ननलिकेसाठीची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेथे मोठ्या विकृतींसाठी वेळ ६०.५ मिनिटांवरून ४४.५ मिनिटांवर आला; हा फरक निःसंशय होता. अरुंद, सरळ नळीत तोंडाकडे ओढणारा दोरा नेमका हव्या त्या दिशेने ओढतो, हे कारण वर सांगितलेच आहे. मोठ्या आतड्यासाठीची चाचणी इचिजिमा आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली; तीत एकंदर वेळेत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. एकाच तंत्राचे तीन अवयवांत तीन निकाल लागले.

दोन यांत्रिक हात आणि एक रबर

हरवलेला हात शब्दशः परत देण्याचा प्रयत्नही झाला आहे आणि त्यात भारताचा सहभाग आहे. सिंगापूर येथे विकसित झालेल्या ‘मास्टर’ या यंत्रमानवी दुर्बिणीच्या टोकाला दोन यांत्रिक बाहू होते. एकात चिमटा, दुसऱ्यात विद्युतसुरी. चिकित्सक बाजूला बसून दोन्ही हातांनी ते चालवीत असे. हैदराबाद आणि हाँगकाँग येथे पाच रुग्णांच्या जठरातील प्रारंभिक विकृती या यंत्राने काढण्यात आल्या आणि त्याचा वृत्तांत फी, नागेश्वर रेड्डी, चिउ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तत्त्वतः प्रश्न सुटला होता. तरीही दैनंदिन व्यवहारात दोन बाहूंची जागा क्लिप आणि धाग्यानेच व्यापून राहिली. यंत्र महाग असते, त्याला स्वतंत्र प्रशिक्षण लागते आणि अशा दुर्बिणीला आतड्याची वळणे पार करणेही जड जाते.

फ्रान्समध्ये मात्र ताणाला निराळे महत्त्व प्राप्त झाले. जपानी चिकित्सक जठरात हात बसवून मग आतड्याकडे वळतो. युरोपात प्रारंभिक जठर कर्करोग तुलनेने कमी आढळत असल्याने तेथील चिकित्सकाला अवघड अशा मोठ्या आतड्यातच शिकावे लागले. लिमोज येथील जाक आणि लियाँ येथील पिओश यांच्या गटांनी दोन क्लिपा आणि रबराचे छोटे कडे यांची पद्धत अंगीकारली : एक क्लिप पापुद्र्यावर, दुसरी समोरच्या भिंतीवर आणि मध्ये ताणलेले रबर. याच देशातून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत मोठ्या आतड्यातील विकृती तुकड्यांनी काढल्यास सहा महिन्यांनी ५.१ टक्के रुग्णांत रोग पुन्हा दिसला, ई.एस.डी.ने काढल्यास ०.६ टक्के रुग्णांत. ती चाचणी ताणाची परीक्षा घेणारी नव्हती. परंतु अशी चाचणी जपानबाहेर घेता यावी एवढे चिकित्सक या कामात तयार झाले, त्यात रबराच्या कड्याचा वाटा किती, हे वैद्यकाच्या इतिहासकाराने तपासण्यासारखे आहे. सुऱ्यांची नावे, त्यांचे जनक आणि त्यांची वर्षे कंपन्यांच्या सूचिपत्रांत नोंदलेली असतात. बाजारातून आणलेल्या धाग्याची आणि रबराची तशी नोंद नसते. ती शोधायची तर शस्त्रक्रियांच्या ध्वनिचित्रफिती आणि परिचारिकांच्या सामानयाद्या पाहाव्या लागतील.